रेडिस स्ट्रीमवर कन्झ्युमर ग्रुप: तयारी, क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

रेडिस हा डेटा मेमरीत ठेवणारा सर्व्हर. त्यातला स्ट्रीम म्हणजे क्रमानं वाढत जाणारी नोंदींची, म्हणजे मेसेजची, यादी. त्या नोंदी आपसांत वाटून घेणारे प्रोग्रॅम म्हणजे कन्झ्युमर, आणि त्यांचा गट म्हणजे कन्झ्युमर ग्रुप. असा ग्रुप तयार करायला एकच आज्ञा लागते आणि बहुतेकांचं काम तिथंच थांबतं. ग्रुप झाला, मेसेज यायला लागले, की कोड लाइव्ह जातो. मग ऐन हंगामात, लातूरच्या मोंढ्यात सोयाबीनची आवक चढलेली असताना, एका शेतकऱ्याला एकाच पट्टीचे दोन एसएमएस जातात आणि दुसऱ्याला एकही जात नाही. दोन्हींचं मूळ एकच: मेसेज कन्झ्युमरच्या हातात पडला, पण त्याचं पुढं काय झालं हे कुणी पाहिलंच नाही. आधी ती व्यवस्था लावायची आणि मगच लाइव्ह जायचं, या हिशोबानं खालचा क्रम दिला आहे.

उदाहरण शेवटपर्यंत एकच ठेवतो. मोंढ्यात माल तोलला की त्याची एक नोंद 'आवक' नावाच्या स्ट्रीममध्ये पडते. त्या नोंदीवर तीन कामं होतात: हिशोबपट्टी बनवणं, शेतकऱ्याला एसएमएस पाठवणं आणि आवारातल्या फलकांवर आकडे दाखवणं. आज्ञा आणि नावं इथं देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलवर आज्ञा इंग्रजी अक्षरांतच टाइप करायच्या.

## तयारी: सर्व्हरला हात लावण्याआधी

आवृत्ती. 'इन्फो सर्व्हर' चालवा आणि आकडा पाहा. स्ट्रीम आणि ग्रुप रेडिस ५.० पासून आहेत, पण अडकलेले मेसेज सोडवणारी 'एक्सऑटोक्लेम' ही आज्ञा ६.२ मध्ये आली. उबंटू २०.०४ च्या भांडारातून ५.० मिळतं आणि २२.०४ च्या भांडारातून ६.०. म्हणजे 'ॲप्ट' वापरून टाकलेल्या या दोन्ही सर्व्हरवर ती आज्ञा नाही. आधी आवृत्ती वाढवा. ७.० किंवा पुढची घेतली तर ग्रुप किती मागं आहे हे सांगणारा 'लॅग' हा आकडाही मिळतो.

डेटा डिस्कवर जातो का? 'अपेंडओन्ली' हे सेटिंग मुळात बंद असतं. तालुक्याच्या ठिकाणी सर्व्हर ऑफिसातच ठेवलेला असतो, लाइट जाते, इन्व्हर्टर दम तोडतो आणि शेवटच्या स्नॅपशॉटनंतरची (डिस्कवर अधूनमधून घेतलेल्या डेटाच्या प्रतीनंतरची) सगळी आवक गायब होते. 'अपेंडओन्ली येस' आणि 'अपेंडएफसिंक एव्हरीसेक' ठेवा. मग नुकसान झालंच तर साधारण एका सेकंदाचं होतं.

> सावधान: चालू सर्व्हरवर हे सेटिंग नुसतं कॉन्फिग फाइलमध्ये बदलून रीस्टार्ट मारू नका. जुना डेटा लोड न होता रेडिस रिकामं उभं राहू शकतं. आधी बॅकअप घ्या, चालू असतानाच 'कॉन्फिग सेट' करा, फाइल पूर्ण लिहून होऊ द्या आणि मग 'कॉन्फिग रीराइट' करा.

मेमरी भरली तर काय? कॅशसाठी वापरात असलेल्याच रेडिसवर स्ट्रीम टाकायचा मोह होतो. तिथं मेमरी भरल्यावर जुन्या 'की' (नावानं साठवलेला डेटा) काढून टाकायचं धोरण असेल, तर एक दिवस अख्खा स्ट्रीम त्याच्या सगळ्या ग्रुपसकट उडतो. स्ट्रीमसाठी वेगळा इन्स्टन्स घ्या आणि त्याचं धोरण 'नोइव्हिक्शन' ठेवा.

कागदावर ग्रुप ठरवा. सगळ्यात जास्त गोंधळ इथंच होतो. नियम असा: प्रत्येक ग्रुपला सगळे मेसेज मिळतात, पण ग्रुपच्या आत एक मेसेज एकाच कन्झ्युमरला मिळतो. हिशोब आणि एसएमएस ही दोन वेगळी कामं आहेत, म्हणून दोन ग्रुप. एसएमएसचा वेग कमी पडला तर त्याच ग्रुपमध्ये आणखी कन्झ्युमर.

फलकांचं काय? मुख्य गेटवर एक फलक आणि लिलावाच्या ओट्याजवळ दुसरा, असे दोन फलक एकाच ग्रुपमध्ये घातले तर निम्म्या नोंदी गेटवर दिसतात आणि निम्म्या ओट्यावर. कोडमध्ये चूक सापडत नाही, कारण कोड बरोबरच असतो. प्रत्येक फलकाला सगळंच दाखवायचं आहे आणि एखादा आकडा चुकला तरी पुढच्या मिनिटाला नवा येणार आहे. तेव्हा फलकांना ग्रुपची गरजच नाही, साधं 'एक्सरीड' पुरतं.

नावं. कन्झ्युमरची नावं कायमची ठेवा: 'एसएमएस-१', 'एसएमएस-२'. कंटेनरचा आयडी किंवा प्रोसेस नंबर नाव म्हणून वापरला तर प्रत्येक रीस्टार्टला नवा कन्झ्युमर जन्मतो आणि जुन्याच्या नावावर अडकलेल्या मेसेजना वाली उरत नाही. एकच नाव दोन प्रोसेसना देणंही टाळा.

## टप्पा १: नोंद टाकणं

```
एक्सॲड आवक * पट्टी ४५१२ माल सोयाबीन कट्टे ३८ निव्वळ १८९०
```

तारा म्हणजे आयडी सर्व्हरनं द्यावा. तो मिलिसेकंदातली वेळ आणि त्यापुढं अनुक्रमांक असा असतो.

मेसेजमध्ये तुमच्या धंद्यातला स्वतःचा क्रमांक हवाच. इथं तो पट्टी क्रमांक आहे. स्ट्रीमचा आयडी त्या कामाला चालत नाही, कारण नेटवर्क तुटलं आणि पाठवणाऱ्या प्रोग्रॅमनं तीच नोंद पुन्हा टाकली, तर दोन वेगळे आयडी तयार होतात. पट्टी क्रमांक मात्र तोच राहतो, आणि 'हे आधी झालंय का' हे पुढं त्याच्यावरूनच ओळखायचं आहे.

क्रमाचा प्रश्नही इथंच सोडवा. भरलेल्या गाडीचं वजन हा एक मेसेज आणि रिकाम्या गाडीचं वजन हा दुसरा, असं केलं तर ते दोन कन्झ्युमरकडं जाऊन उलट्या क्रमानं पूर्ण होऊ शकतात. ग्रुपमध्ये मेसेज क्रमानं वाटले जातात, पण कामं त्याच क्रमानं संपतील याची हमी नसते. निव्वळ वजन काढून झाल्यावर एकच नोंद टाका.

तपासणी: 'एक्सरेंज आवक - +' चालवून नोंद डोळ्यांनी पाहा. शेतकऱ्याचं किंवा मालाचं नाव मराठीत असेल तर 'रेडिस-सीएलआय' ते अगम्य सांकेतिक अक्षरांत दाखवतं. डेटा बिघडला असं समजून एन्कोडिंगशी खेळत बसू नका. 'रॉ' हा पर्याय देऊन तीच आज्ञा चालवा, स्वच्छ 'सोयाबीन' दिसेल.

## टप्पा २: ग्रुप तयार करणं

```
एक्सग्रुप क्रिएट आवक हिशोब ० एमकेस्ट्रीम
एक्सग्रुप क्रिएट आवक एसएमएस ० एमकेस्ट्रीम
```

'एमकेस्ट्रीम' दिल्यामुळं स्ट्रीम नसेल तर रिकामा तयार होतो. म्हणून नोंदी टाकणारा प्रोग्रॅम सुरू करण्याआधीच ग्रुप बनवून ठेवा. टप्पा १ मधली नोंद फक्त चाचणीची होती. ती चाचणीच्याच सर्व्हरवर राहू द्या.

शून्य म्हणजे स्ट्रीमच्या सुरुवातीपासून. $ म्हणजे ग्रुप बनल्यानंतर येणाऱ्या मेसेजपासून. इंटरनेटवरच्या बहुतेक नमुन्यांत $ असतो आणि लोक तोच उचलतात. मग आवक सकाळी सुरू झाली, ग्रुप दुपारी बनला आणि सकाळच्या सगळ्या पट्ट्या त्या ग्रुपसाठी नसल्यासारख्या झाल्या, असं होतं. नव्या व्यवस्थेत शून्यच द्या. चालत्या स्ट्रीमवर नंतर एसएमएसचा ग्रुप जोडत असाल तर मात्र शून्य धोक्याचं आहे: गेल्या आठवड्याच्या पट्ट्यांचे एसएमएस आज जातील. तिथं $ बरोबर.

प्रोग्रॅम सुरू होताना ग्रुप आधीच असेल तर 'बिझीग्रुप' अशी चूक येते. तेवढीच एक चूक ओळखून पुढं जा. सगळ्याच चुका गिळू नका. आणि सुरुवातीला जुना ग्रुप 'एक्सग्रुप डिस्ट्रॉय'नं उडवून नवा बनवायचा कोड कुठं दिसला तर तो आजच काढा, कारण अपुऱ्या कामांची यादी ग्रुपबरोबरच जाते.

चालू असताना 'नोग्रुप' अशी चूक आली तर स्ट्रीम किंवा ग्रुप नाहीसा झाला आहे. कोडनं गुपचूप नवा ग्रुप बनवून पुढं जाऊ नये. थांबावं आणि माणसाला कळवावं.

तपासणी: 'एक्सइन्फो ग्रुप्स आवक'. दोन्ही ग्रुप दिसले पाहिजेत, पेंडिंग (दिलेले पण पूर्ण न झालेले मेसेज) शून्य, शेवटचा दिलेला आयडी ०-०.

## टप्पा ३: वाचणं

```
एक्सरीडग्रुप ग्रुप एसएमएस एसएमएस-१ काउंट १० ब्लॉक ५००० स्ट्रीम्स आवक >
```

शेवटच्या > चा अर्थ, या ग्रुपमध्ये अजून कुणालाच न दिलेले मेसेज द्या. मेसेज दिला त्याच क्षणी तो 'एसएमएस-१'च्या पेंडिंग यादीत चढतो आणि काम झाल्याचं कळवेपर्यंत तिथंच राहतो.

'काउंट १०' म्हणजे एका वेळी जास्तीत जास्त १० मेसेज. 'ब्लॉक ५०००' म्हणजे मेसेज नसेल तर ५ सेकंद वाट पाहायची. तुमच्या लायब्ररीतला कनेक्शनचा टाइमआउट त्याहून मोठा हवा, निदान १० सेकंद. तो छोटा असेल तर क्लायंट आधी कनेक्शन तोडतो, आणि नेमक्या त्याच घडीला सुटलेला मेसेज यादीत चढतो पण कुणाच्याच हातात पडत नाही. 'कधीकधी एखादा मेसेज गायब होतो' या तक्रारीत बऱ्याचदा इथंच पाणी मुरत असतं.

वाट पाहणाऱ्या वाचनाला स्वतंत्र कनेक्शन द्या. त्याच कनेक्शनवर इतर आज्ञा पाठवल्या तर त्या मागं तुंबतात. शिवाय ही आज्ञा वाचनाची वाटली तरी ती पेंडिंग यादीत लिहिते, त्यामुळं रेप्लिकावर (मुख्य सर्व्हरच्या प्रतीवर) चालत नाही.

## टप्पा ४: आधी काम, मग ॲक

```
एक्सॲक आवक हिशोब १७२९५००००००००-०
```

ॲक म्हणजे काम झाल्याचं रेडिसला कळवणं. मेसेज हातात आल्याबरोबर ॲक करून मग काम करायचं, ही सर्रास दिसणारी चूक आहे. मध्ये प्रोसेस मेली तर रेडिसच्या लेखी काम झालेलं असतं आणि पट्टी कधीच बनत नाही. उलट काम करून ॲक करण्याआधी प्रोसेस मेली तर मेसेज पुन्हा मिळतो. दुसरा प्रकार परवडतो, पण एका अटीवर: तेच काम दुसऱ्यांदा आलं तर बिघडता कामा नये.

हिशोबासाठी हे सोपं आहे. डेटाबेसच्या तक्त्यात पट्टी क्रमांकावर युनिक इंडेक्स लावा. नोंद घाला, कमिट करा, मग ॲक करा. 'हा क्रमांक आधीच आहे' अशी चूक आली तर काम पूर्वीच झालेलं आहे, सरळ ॲक करा. 'आधी शोधून पाहू, नसेल तर घालू' यावर विसंबू नका. दोन कन्झ्युमर एकाच वेळी शोधतात आणि दोघांनाही ती नोंद सापडत नाही.

एसएमएसचं इतकं सरळ नाही, कारण गेटवे (एसएमएस पाठवणारी बाहेरची सेवा) तुमच्या डेटाबेसच्या व्यवहारात येत नाही. पाठवण्याआधी पट्टी क्रमांकासह 'पाठवतोय' अशी नोंद करा, पाठवल्यावर 'पाठवला' करा, मग ॲक. मेसेज पुन्हा आला आणि नोंद 'पाठवला' असेल तर नुसतं ॲक. 'पाठवतोय'वरच अडकलेली असेल तर खरं काय झालं हे तुमच्या बाजूनं कळत नाही. माझं मत स्पष्ट आहे: पुन्हा पाठवा. त्याच पट्टी क्रमांकाचा दुसरा एसएमएस शेतकरी समजून घेतो. माल घालून गावी गेलेल्या माणसाला काहीच न कळणं हे त्याहून वाईट.

तपासणी: ॲकचं उत्तर १ आलं पाहिजे. शून्य आलं तर तो मेसेज या ग्रुपच्या पेंडिंग यादीत नव्हता: दुसऱ्या कुणी तो पूर्ण केला, किंवा ग्रुपचं नाव चुकलं. शून्याची नोंद लॉगमध्ये ठेवाच.

ॲक केल्यानं मेसेज स्ट्रीममधून पुसला जात नाही. 'एक्सलेन' (स्ट्रीममधल्या नोंदींची संख्या) तेवढाच राहतो, त्यावरून ॲक होत नाही असा निष्कर्ष काढू नका. आणि 'नोॲक' हा पर्याय (मेसेज दिला की काम झालं असं धरणारा) पैशाच्या कामात कधीच वापरू नका.

## टप्पा ५: उठल्यावर आधी स्वतःचं जुनं काम

प्रोसेस रीस्टार्ट झाली आणि थेट > नं वाचायला लागली, तर मरण्याआधी हातात असलेले मेसेज तसेच राहतात. > नं ते कधीच परत मिळत नाहीत. म्हणून सुरुवातीला > च्या जागी ० द्या:

```
एक्सरीडग्रुप ग्रुप एसएमएस एसएमएस-१ काउंट १० स्ट्रीम्स आवक ०
```

यातून याच नावावरचे पेंडिंग मेसेज मिळतात. यादी रिकामी आली की > कडं वळा.

दोन ठिकाणी घोडं पेंड खातं. एखादा मेसेज दर वेळी चूक देत असेल आणि ॲक होत नसेल, तर ० नं तोच पुन्हा पुन्हा येतो आणि प्रोग्रॅम तिथंच गरगरतो. म्हणून प्रत्येक फेरीत ० न देता मागच्या फेरीतला शेवटचा आयडी द्या. दुसरं, मूळ नोंद स्ट्रीममधून छाटली गेली असेल तर आयडी येतो आणि मजकूर रिकामा. कोडनं हे धरलं नसेल तर तो तिथंच कोसळतो. असा आयडी लॉगमध्ये लिहून ॲक करा.

## टप्पा ६: दुसऱ्याचं अडकलेलं काम उचलणं

'एसएमएस-१'चं मशीनच बंद पडलं तर त्याची यादी कुणीतरी हाती घ्यायला हवी. रेडिस हे आपोआप करत नाही. प्रत्येक कन्झ्युमरनं साधारण मिनिटाला एकदा हे चालवावं:

```
एक्सऑटोक्लेम आवक एसएमएस एसएमएस-२ ३००००० ०-० काउंट १०
```

३००००० मिलिसेकंद म्हणजे ५ मिनिटं. इतका वेळ पडून असलेलेच मेसेज उचलले जातात. उत्तरात पुढच्या फेरीसाठी आयडी मिळतो. तो ०-० आला की यादी एकदा पूर्ण पाहून झाली.

हा वेळ ठरवताना बहुतेक जण एका मेसेजला किती वेळ लागतो ते पाहतात. पाहायला हवा तो पूर्ण हप्त्याचा, म्हणजे एका वाचनात आलेल्या सगळ्या मेसेजचा, वेळ. समजा काउंट ५० आहे आणि एका एसएमएसला २ सेकंद लागतात. पन्नासच्या पन्नास मेसेजचं घड्याळ वाचल्याच क्षणी सुरू होतं, पण शेवटच्याची पाळी ९८ सेकंदांनी येते. मर्यादा ६० सेकंद असेल तर 'एसएमएस-१' धडधाकट काम करत असतानाच 'एसएमएस-२' त्याच्या रांगेतले मेसेज उचलतो आणि दोघंही पाठवतात. दुहेरी एसएमएसचं हे नेहमीचं कारण आहे. काउंट लहान ठेवा आणि मर्यादा हप्त्याच्या सर्वांत वाईट वेळेच्या निदान दुप्पट. गेटवे हळू चालतो त्या दिवसाचा वेळ धरा, चांगल्या दिवसाचा नाही.

काही मेसेज कितीही वेळा दिले तरी पूर्ण होणार नाहीत, जसं मोबाइल क्रमांकच नऊ अंकी. असे मेसेज एका कन्झ्युमरकडून दुसऱ्याकडं फिरत राहतात. 'एक्सऑटोक्लेम' किती वेळा दिला ते सांगत नाही, ते इथं दिसतं:

```
एक्सपेंडिंग आवक एसएमएस - + १०
```

प्रत्येक ओळीत आयडी, कन्झ्युमर, किती मिलिसेकंद पडून आहे आणि किती वेळा दिला, असे चार आकडे येतात. ५ वेळांच्या वर गेलेला मेसेज 'आवक:अडलेले' या वेगळ्या स्ट्रीममध्ये टाका आणि मूळ स्ट्रीमवर ॲक करा. दोन्ही आज्ञा 'मल्टी' आणि 'एक्झेक'च्या आत द्या, म्हणजे एक झाली आणि एक राहिली असं होत नाही. अडलेल्यांची यादी रोज संध्याकाळी माणसानं पाहायची.

## टप्पा ७: छाटणी

स्ट्रीम वाढतच जातो आणि त्याला तुम्हीच आवर घालायचा असतो. 'मॅक्सलेन'नं संख्या बांधता येते, पण मोंढ्यासारख्या कामाला वेळेवरची छाटणी बरी. दिवाळीच्या सुट्टीत सलग काही दिवस आवक नसते आणि सुट्टी संपल्यावर एकदम लोंढा येतो, तेव्हा संख्येची मर्यादा नेमकी न हाताळलेल्या नोंदींवर येते.

```
एक्सट्रिम आवक मिनआयडी ~ १७२९५००००००००
```

इथं १५ दिवसांपूर्वीची वेळ मिलिसेकंदांत द्या. ~ मुळं छाटणी थोडी सैल पण स्वस्त होते. 'मिनआयडी'ही ६.२ पासूनच आहे.

> सावधान: ही छाटणी कुठल्या ग्रुपनं काय वाचलं हे पाहत नाही. न वाचलेलं आणि पेंडिंगमधलंही कापलं जातं. आधी पेंडिंग यादीतला सर्वांत जुना आयडी आणि ग्रुपला शेवटचा दिलेला आयडी पाहा. त्यापुढं छाटू नका.

## टप्पा ८: रंगीत तालीम

लाइव्ह जाण्याआधी चाचणीच्या सर्व्हरवर मुद्दाम मोडतोड करा.

१. शंभर नोंदी टाका आणि मध्येच एक कन्झ्युमर 'किल -९'नं मारा. पुन्हा सुरू करा. पेंडिंग शून्यावर आलं पाहिजे आणि तक्त्यात बरोबर शंभर पट्ट्या दिसल्या पाहिजेत.

२. तोच कन्झ्युमर पुन्हा मारा, या वेळी उठवू नका. ठरवलेली मर्यादा उलटल्यावर दुसऱ्यानं त्याचं काम उचललं पाहिजे.

३. कमिट झाल्यावर आणि ॲकच्या आधी प्रोग्रॅम थांबेल असा कोड तात्पुरता घाला. पट्टी दुसऱ्यांदा बनली तर टप्पा ४ वर परत जा.

४. रेडिस रीस्टार्ट करा. ग्रुप आणि पेंडिंग यादी जशीच्या तशी असली पाहिजे.

५. एक मुद्दाम खराब मेसेज टाका. तो अडलेल्यांच्या स्ट्रीममध्ये पोचला पाहिजे आणि बाकीची कामं त्याच्यामुळं थांबता कामा नयेत.

यातलं तिसरं सगळ्यात जास्त टाळलं जातं आणि नेमकं तेच सगळ्यात महागात पडतं. दोनदा बनलेली पट्टी अडत्याच्या खात्यात, शेतकऱ्याच्या नावावर आणि बाजार फीच्या हिशोबात अशा तीन ठिकाणी निस्तरावी लागते.

## टप्पा ९: लाइव्ह झाल्यावर

प्रत्येक ग्रुपचे तीन आकडे पाहत राहा: लॅग, पेंडिंग आणि सर्वांत जास्त वेळ पडून असलेला मेसेज. लॅग वाढतोय आणि पेंडिंग स्थिर आहे, तर कन्झ्युमर कमी पडताहेत. लॅग शून्य आणि पेंडिंग वाढतंय, तर मेसेज घेतले जाताहेत पण पूर्ण होत नाहीत. कन्झ्युमर वाढवून काही होणार नाही, काम का अडतंय ते पाहा. गजरासाठी एवढी एक आज्ञा पुरते:

```
एक्सपेंडिंग आवक एसएमएस आयडल ९००००० - + १
```

एक जरी ओळ आली तर कुठला तरी मेसेज १५ मिनिटं पडून आहे.

हंगाम ओसरला की कन्झ्युमर कमी केले जातात, आणि तेव्हा घाईत 'एक्सग्रुप डेलकन्झ्युमर' चालवलं जातं. ही आज्ञा कन्झ्युमरबरोबर त्याची पेंडिंग यादीही पुसते. ते मेसेज मग > नं येत नाहीत आणि क्लेमही करता येत नाहीत. क्रम असा ठेवा: आधी प्रोसेस थांबवा. त्या कन्झ्युमरच्या नावानं 'एक्सपेंडिंग' चालवून आयडी लिहून घ्या. 'एक्सक्लेम'नं ते दुसऱ्या कन्झ्युमरकडं वळवा. यादी रिकामी झाल्याची खात्री करा आणि मगच काढा. 'डेलकन्झ्युमर'चं उत्तर शून्य आलं पाहिजे. दुसरा आकडा आला तर तितके मेसेज यादीतून निसटले आहेत. लिहून घेतलेल्या आयडींवर 'एक्सरेंज' चालवून ते स्ट्रीममधून वाचा आणि त्यांची कामं हातानं पूर्ण करा. छाटणीची पुढची फेरी त्याआधी चालू देऊ नका.